लाखेची हळद

चातुर्मास अजून उठायचा होता. आषाढापासून चंद्रप्रभाबाईंच्या घरात लसणाची पाकळी उंबरा ओलांडत नसे, आणि नांदेड सोडून हदगावच्या मळ्यात दिराकडं आल्या तरी हा नेम त्यांच्या आधी गाडीतून खाली उतरायचा. आज संध्याकाळी तुळशीचं लग्न लागेल, मग वांगी येतील, मग कांदा-लसूण येईल. तोवर नाही म्हणजे नाही.

म्हणूनच भट्टीच्या शेडकडं निघालेली त्यांची सून सुकन्या वाटेतच थबकली. लसणाचा वास येत होता.

"काकूनं फोडणी टाकली वाटतं," मागून तिचा नवरा आलोक म्हणाला. "आईला कळलं तर तुळशीच्या आधी काकूचीच वरात निघंल."

"चूल तिकडं आहे. वास इकडून येतोय."

शेडमध्ये कुणी नव्हतं. पहाटे चुलतसासरे ग्यानोबाकाका आणि लाखेचे पत्रे ताणून ओढणारा पंढरी यांनी लाखेची पहिली पिशवी वितळवली होती, आणि पंढरी सकाळच्या बसनं नायगावला बहिणीकडं निघूनही गेला होता. भट्टीत निखारे राखेखाली डोळे मिटून पडले होते. दोरीवर ओढलेल्या लाखेचे पातळ पत्रे वाळत होते, एखाद्या बाळंतिणीच्या धडुत्यांसारखे, आणि ते पिवळे होते. पळसाच्या लाखेची ही जात नव्हे. पळसाची लाख अंगानं तांबूस. कितीही धुवा, तिच्या गालावरची लाली जात नाही. ही पोर मात्र नवरीसारखी पिवळी दिसत होती.

सुकन्यानं एका पत्र्याची कड मोडली. कट्कन आवाज झाला. तुकडा तिनं उन्हात धरला, आणि आत परागासारखं धुकं तरंगताना दिसलं.

"आलोक, हळद लावली कुणीतरी."

त्याला वेगळं सांगावं लागलं नाही. लाखेची चपडी करणाऱ्या या चपडीवाल्यांच्या घरात ही रीत आजेसासूपासूनची. कार्तिकातलं पीक निघालं, काड्यांवरून लाख खरडून, कांडून, धुऊन तिचा दाणा केला, की पहिल्या ताणीआधी घरातल्या थोरल्या सवाष्णीनं दाण्याच्या ढिगावर चिमूटभर हरताळ शिंपडायचा. नांदेडच्या काष्टौषधीच्या दुकानात मिळणारी ती पिवळीजर्द पूड. लाख म्हणजे लेक. ती परक्या घरी जायची, तर तिला हळद नको का? त्या चिमटीनं रंग एका प्रतीनं वर चढायचा, तांबडी लाख सोनेरी दिसायची, आणि व्यापारी खूश होऊन जायचा. मोहरेसाठी, पॉलिशसाठी कुणी कधी विचारलं नाही.

पण यंदाची लाख माणसाच्या पोटात जाणार होती. लातूरच्या एका औषध कारखान्याला गोळ्यांवर चढवायच्या चकाकीसाठी हातभट्टीची लाख हवी होती. रसायनात विरघळवून काढलेली नको, राळ मिसळलेली नको. आणि हरताळात असतो सोमल, म्हणजे आर्सेनिकचं विष. तापला की लसणासारखा वास मारतो. लातुरात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या सुकन्यानं हे श्रावणातच सासूपुढं बसून सांगितलं होतं. सासूबाईंनी विडा दुमडता दुमडता ऐकलं आणि एवढंच म्हटलं होतं, "बरं."

"अमरेश स्वामी दुपारी येणार," आलोक म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता. "आता?"

आता काय, ते दोघांनाही ठाऊक होतं. कारखान्याचे अमरेश स्वामी आज हो म्हणाले, तर दर पिकाची लाख त्यांची. नाही म्हणाले, तर भट्टी विझणार, आणि मंगळवारी जेसीबी येऊन ग्यानोबाच्या बांधावरच्या बोरी मुळासकट उपटणार. तिथं सोयाबीन. दसऱ्याला, आपट्याची पानं हातात असताना, आलोकचे वडील रेणुकादास आणि ग्यानोबा या दोघा भावांनी तसं एकमेकांना सांगितलं होतं. आलोकनंच ते घडवून आणलं होतं. त्याचं लातुरात रंग-पॉलिशचं दुकान. कारखान्याची लाख गोणीनं मिळत असताना बाप आगीपुढं बसतो, हे त्याला बघवत नव्हतं.

*

विहिरीच्या थारोळ्यापाशी आवळे धुता धुता ग्यानोबाच्या बायकोनं, विठाबाईनं, शेडमधला गलका ऐकला.

आधी ग्यानोबाचा आवाज. "म्या कशाला टाकू? मला काय करायचं हाय रंगाशी?" मग थोरल्या भाऊजींचा, रेणुकादासांचा, खोकल्यात अडकलेला. मग सुकन्याचा. ती ओरडत नव्हती, आणि विठाबाईला त्याचंच भ्या वाटलं. ओरडणारं माणूस निवतं.

ती पदराला हात पुसत आली आणि शेडच्या मेढीला टेकून उभी राहिली.

काल तिन्हीसांजेला ती इथंच उभी होती. दाण्याचा ढीग परातीत, चंद्रप्रभाबाई ढिगापुढं, आणि त्यांचा हात रिकामा. थोरली जाऊ, नऊ वारीतली, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. आणि तिचा हात ढिगावर नुसता फिरून मागं आला. सुनेनं मनाई केली म्हणून. विठाबाईच्या काळजात तेव्हा चर्र झालं होतं. जावंशी तिचं कधी पटलं न्हाई, हे सगळ्या पै-पाहुण्यांना ठावं. पण जावेचा मान कालच्या पोरीनं काढून घ्यावा?

आणि अजून एक होतं, ते तिनं स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. लग्न होऊन आली तवापासून ताट धरायचं काम तिचं. थोरलीनं हळद लावायची, धाकटीनं ताट धरायचं. एक डाव, एकच डाव, तिच्या बोटांना ती पिवळी पूड लागावी असं वाटलं होतं.

"बोला की कुणीतरी," रेणुकादास म्हणत होते.

"म्या लावली," विठाबाई म्हणाली.

सगळे वळले. 

"काकू," सुकन्या म्हणाली, "पिशवीत टाकली का ढिगात?"

"ढिगात, माय. समद्या पोरींना सारखी लागावी म्हणून. दोन डाव खालवर करून मिसळली." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "जाऊबाईंचा हात रिकामा गेला बगून... मला वाटलं, इज्जतीचा सवाल हाय."

"म्हंजे सगळा दाणा गेला," ग्यानोबा म्हणाला. "वा रं वा! सोताच्या बोरीवर सोताच कुऱ्हाड घातली की गं तू! मंगळवारी त्या जेसीबीवाल्याला चहा बी तूच पाज."

विठाबाईला ते तोवर सुचलंच नव्हतं. बोरी तिच्या. ती नवी नवरी असताना तिनं सासऱ्याच्या हातून बी घेऊन लावलेल्या. लाखेचे किडे पळसासारखेच त्यांच्याही फांद्यांवर चढतात, रस पितात, आणि अंगातून जे पाझरतं त्याचं घर बांधून त्यात मरतात. काळ्या फांदीवर ते तांबडं कवच दिसलं की विठाबाई त्यांना हात जोडायची. तिनं मेढ घट्ट धरली.

"हात धुतले होते का काकू, लावल्यावर?" सुकन्यानं विचारलं.

"व्हय, राखेनं."

"मग ठीक. परत साबणानं धुवा. आणि काका, ते निखारे विझवा, सगळे जण बाहेर या. हा धूर नाकात जायला नको."

सगळे अंगणात आले. आलोकच आधी बोलला. "हे बघा, चिमूटभर आहे. एवढ्या ढिगात कुठं काय उरतंय? रंग तर झकास आलाय. स्वामी आज बघून खूश होतील, हो म्हणतील. पुढच्या खेपेपासून बिनहळदीची पाठवू. काय, बाबा?"

रेणुकादास जमिनीकडं बघत राहिले. नाही म्हणाले नाहीत. सुकन्यानं सासऱ्याकडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं, आणि ती एकटी पडली हे तिच्या चेहऱ्यावर लिहिल्यासारखं दिसलं.

"मी त्यांना सांगणार," ती म्हणाली.

"तू सांगणार? आमच्या घराचं तू वाटोळं..."

"आलोक." चंद्रप्रभाबाई एवढा वेळ तुळशीच्या ओट्यावर बसून बोरं-आवळे वेगळे करत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "तुझा बाप रोज सकाळी रक्तदाबाची गोळी घेतो. तिच्यावर चकाकी असते ती कशाची?"

"लाखेची असंल."

"असंल नाही. आहे. ह्या पिवळ्या लाखेची एक गोळी करून दे मला. मी आत्ता तुझ्या बापाच्या तळहातावर ठेवते, तू पाणी आण."

आलोक दोन पावलं मागं सरकला, आणि चंद्रप्रभाबाई जावेकडं वळल्या. 

"आणि विठा, डबी कुठून घेतलीस गं हरताळाची?"

"तुमच्याच पेटीतून, जाऊबाई."

"मग मला विचारा ना. श्रावणात सुनेला 'बरं' म्हणाले, तर ती डबी मी नांदेडहून कशाला बांधून आणली? जीव होत नव्हता सोडायला, म्हणून आणली. मी आणली, हिनं लावली. चूक अर्धी-अर्धी आहे आमची दोघींची. ग्यानोबाभाऊजी, कुऱ्हाडीचं बोलायचं तर दोघींना बोला."

ग्यानोबानं टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. थोरल्या वहिनीला कोण बोलणार?

*

विठाबाई कधी आत गेली ते कुणाला कळलं नाही. ती आली ती कमरेवर पत्र्याचा डबा घेऊन. झाकण उघडून तिनं डबा सुकन्यापुढं ठेवला.

आत दाणा होता. फिका, जवळजवळ मधासारखा. तांबूसपणाचा नुसता भास.

"बोरीचा हाय," ती म्हणाली. "पळसाचा एक बी न्हाई त्यात. साक्षीच्या चुड्यासाठी ठेवला व्हता. रंग उजळ बसावा म्हणून लई पाण्यातून काढला. तांबडं पाणी निघायचं थांबेस्तोवर धुतला, लेकराचं डोकं धुतल्यागत. त्याला हळदीचा हात लागला न्हाई."

साक्षी तिची एकुलती लेक. माघात लग्न होतं. ह्या घरातली पोर घरच्या लाखेचा चुडा भरूनच सासरी जाते.

"काकू, मग साक्षी?"

"ती काय बोडक्या हातानं जाते व्हय? वैशाखात बोरी परत देतील." मग हळूच, "उभ्या राहिल्या तर."

सुकन्यानं मूठभर दाणा उन्हात धरला. बराच वेळ. मग तिनं वाकून काकूच्या पायांना हात लावला आणि उभी राहून पदर खोचला.

"ही पिशवी चालणार नाही. जुनीत हरताळ मुरलाय. नवं जाड सुती कापड पाहिजे. दुसरी भट्टी पेटवायची, ती वडाखालची. बरणी, उलथणी, सगळं घासून घ्यायचं."

कापड कुठं मिळणार? तुळशीच्या लग्नाची दुकानं अर्धी उघडी, आणि बाजार गाठून यायला वेळ नव्हता. मग सगळ्यांच्या नजरा एकाच वेळी ग्यानोबाच्या कमरेवर गेल्या.

"ए! काय बगून राहिले रे?"

"नवं कोरं दिसतंय, काका," आलोक म्हणाला. सकाळपासून तो पहिल्यांदा हसला होता.

"मुदखेडहून आणलंय! आज अंतरपाट मी धरणार हाय!"

"अंतरपाट लुंगीवर बी धरता येतो," विठाबाई म्हणाली.

ग्यानोबा पुटपुटत घरात गेला आणि लुंगीवर बाहेर आला. धोतर आलोकच्या अंगावर फेकून म्हणाला, "धर. देवाच्या लग्नाला नवरदेवाचा बाप लुंगीत! लई इज्जत वाढली चपडीवाल्यांची."

धोतराची खळ गरम पाण्यात काढली, झळीवर वाळवलं, दुहेरी करून शिवलं. बाहीसारखी लांबलचक पिशवी झाली. तिच्यात बोरीचा दाणा भरला तेव्हा ती पोटुशी दिसायला लागली.

रेणुकादास वडाखालच्या भट्टीपुढं बसले. पिशवीचं एक टोक खुंट्याला, एक त्यांच्या हातात. ते पीळ देतील, दाणा आगीपुढं वितळेल, कापडातून घामासारखा पाझरेल. तो खरवडून गरम पाण्यानं भरलेल्या चिनी मातीच्या बरणीवर थापायचा, पातळ पसरायचा, आणि ऊन असतानाच उचलून आगीपुढं ताणायचा. पीळ देणं त्यांच्या हातांना अजून येत होतं. पण ताण कोण ओढणार? एके काळी पाच टोकांचा माणूस म्हणायचे त्यांना: दोन हात, दोन पाय आणि दात. पत्र्याची पाच टोकं एकाच वेळी पाची दिशांना ओढायचे; धोंड्यावर बसलेलं पाखरू पंख पसरतंय असं वाटायचं. त्यांच्यानंतर पंढरी. पंढरी नायगावला.

"मी ओढतो," ते म्हणाले.

"कशानं?" चंद्रप्रभाबाईंनी विचारलं. "कवळीनं? लाखेला चिकटून जाईल अख्खी. अमरेश स्वामी म्हणतील, ही कोणती प्रत?"

ग्यानोबा एवढा हसला की त्याला लुंगी सावरावी लागली. रेणुकादासही हसले, पण तोंडावर हात ठेवून.

"चार हात असले तर दात कशाला?" चंद्रप्रभाबाई उठल्या, बांगड्या मागं सारल्या. "विठा, ये. तू ती कड धर."

*

पहिला पत्रा फाटला.

रेणुकादासांनी बघितलं. पीळ देता देता त्यांचं लक्ष दुसरीकडं कुठं जाणार? दोघी आगीपुढं समोरासमोर उभ्या, मध्ये ऊन लाखेचा लोंबता गोळा, आणि थोरलीनं हिसका दिला, धाकटीनं भिऊन सोडलं. मधोमध भोक पडलं आणि सगळं आकसून गेलं.

"सोडलंस कशाला?"

"तुमी वढलं कशाला?"

"ओढायचीच असते ती!"

"असं वढत्यात? म्हैस हाय का ती?"

दोघींच्या सगळ्या संसाराचं भांडण त्या भोकातून बाहेर डोकावलं. रेणुकादासांना वाटलं, आता एक जण कड टाकून निघून जाणार. दुसराही पत्रा फाटला. डब्यातला दाणा अर्ध्यावर आला. सुकन्या खरवडता खरवडता थांबली. घाम तिच्या हनुवटीवरून निखाऱ्यात पडला, चर्र वाजला.

याच लाखेच्या जिवावर हे घर उभं राहिलं होतं, रेणुकादासांच्या मनात आलं. पिशवीत शेवटी उरतो तो गाळ, किरी. तीसुद्धा फुकट जात नाही, धार लावायच्या दगडात खडे धरून बसते. तांबडी लाख पाकिटावर मोहर होते, चुडा होते, सोनाराच्या पोकळ मण्यात भरली की मणी चेपत नाही. तिच्यापेक्षा उजळ, ती पेटी-तंबोऱ्याच्या लाकडाला आरसा करते. मोटारीच्या गुंडाळलेल्या तारेवर बसते आणि विजेला म्हणते, इथवरच. आणि सगळ्यांत उजळ ती ही. माणसाच्या जिभेवरून सुखानं घशाखाली उतरणारी. आयुष्यभर भट्टी केली, पण ही शेवटची पायरी त्यांनी कधी चढली नव्हती. दर वेळी हळदीच्या रंगावर भागवलं.

त्यांना आई आठवली. तीही बापासमोर कड धरायची. कशी धरायची? गात.

"ओवी म्हणा," ते म्हणाले. "आई म्हणायची. आवाज पुढं गेला की हात पुढं. आवाज थांबला की हात थांबवायचा."

दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. मग आधी धाकटीनं धरली, खालच्या आवाजात, जात्यावर बसल्यासारखी.

*पयली गं माझी ताण, बोरीच्या सावलीला*
*अंगावर तिनं झेललं, लाखेच्या मावलीला*

थोरलीनं तोच सूर उचलला. हात सैल झाले, मग एकदमच ताठ झाले.

*दुसरी गं माझी ताण, पळसाच्या पानाला*
*सोनाराच्या मण्याला, लेकीच्या कानाला*

पत्रा रुंद होत चालला. काठाला सुरकुती पडली तर विठाबाई अंगठा सरकवी. मध्ये जाड राहिलं तर चंद्रप्रभाबाई ते आगीकडं झुकवत. कुणी कुणाला सांगत नव्हतं.

*तिसरी गं माझी ताण, जावा-जावांच्या हाती*
*एकीनं सोडलं तर, दुसरीच्या पदरी माती*

आणि ऊन त्या पत्र्यातून आरपार आलं. दोघींच्या मध्ये जणू पाण्याचा एक पडदा उभा राहिला, पलीकडचं बोरीचं झाड पान नि पान दिसावं असा. रेणुकादासांचा पीळ थांबला. आलोक हातात पाण्याची बादली घेऊन उभाच राहिला होता. मघा 'चिमूटभर आहे' म्हणणारं तोंड त्याचं, पण आता त्यातून एवढंच निघालं, "आई गं."

बांधाजवळ गाडी येऊन उभी होती. कधी आली कुणास ठाऊक. एक तरुण माणूस हातात छोटी पेटी घेऊन, पायातले बूट काढून, लांबच उभा होता. ओवी संपायची वाट बघत.

*

अमरेश स्वामी चहा न घेता आधी बाजेवर पेटी उघडून बसला. 

"स्वामी," सुकन्या म्हणाली, "आधी एक ऐका." आणि तिनं सगळं सांगितलं. हळदीची रीत, ढीग, दोरीवरचे पिवळे पत्रे. कुणाचं नाव घेतलं नाही; म्हणाली, "आमच्या घरानं लावली."

चंद्रप्रभाबाईंनी ते 'आमच्या' ऐकलं. सून घरात आली तेव्हापासून 'तुमच्याकडं असं करतात' म्हणायची.

अमरेशनं मान डोलावली. "हरताळ तर मला शोधावाच लागतो, वहिनी. म्हणून ही पेटी. आणा दोन्ही. पिवळीही आणा."

पिवळीचा तुकडा सोड्याच्या पाण्यात विरघळवला, बाटलीत आणखी दोन पुड्या टाकल्या, तोंडाशी सोमलाच्या वाफेनं रंग बदलणारी कागदाची पट्टी अडकवली. सगळे बाजेभोवती गोळा झाले, जसं व्यायला आलेल्या म्हशीभोवती होतात. पट्टी आधी पांढरी होती. मग पिवळी झाली. मग विटकरी.

विठाबाईनं तोंडाला पदर लावला.

मग दुसरी बाटली. बोरीची लाख. नवी पट्टी. अमरेश मोबाइलवर वेळ बघत होता, बाकीचे पट्टीकडं. ग्यानोबाचे ओठ हलत होते, तो चक्क तुळशीचं नाव घेत होता. वडावर साळुंक्या भांडत होत्या. पट्टी पांढरी. अजून पांढरी. चंद्रप्रभाबाईंना वाटलं, आता पापणी मिटली तर पिवळी होईल.

"बास," अमरेश म्हणाला आणि पट्टी उन्हात धरली. धुतल्या तांदळासारखी.

मग त्यानं चिमूटभर लाख स्पिरिटात विरघळवली, बाटली सूर्याकडं केली. राळेची परीक्षा केली, राळ नव्हती. "असा रंग हातभट्टीला येतो, हे मी वाचलं होतं. बघितला आज. लातूरला नेऊन रीतसर तपासणी होईलच, पण ह्या पट्टीनंतर मला शंका नाही." तो रेणुकादासांकडं वळला. "बोरीची जेवढी होईल तेवढी आम्हाला द्या. ही गोळ्यांना. पळसाचीही घेऊ, बिनहळदीची. तिला दुसरं काम आहे. फक्त एक विचारायचं होतं. बोरी किती लावता येतील अजून?"

रेणुकादासांनी भावाकडं बघितलं. 

मग ग्यानोबानं लुंगीच्या ओच्यातून फोन काढला आणि सगळ्या शिवाराला ऐकू जाईल अशा आवाजात बोलला, "हॅलो! हाव, मीच. मंगळवारी येऊ नको रे बाबा जेसीबी घेऊन... न्हाई न्हाई, रद्द न्हाई. ये की! खड्डे खणायला ये. बोरी लावायच्या हायेत!"

हसू फुटलं, आणि हसता हसता आलोकनं बायकोच्या हातातली उलथणी काढून घेतली. "दे. उरलेला दाणा मी खरवडतो. शिकव."

"दुकान?"

"दुकानात हीच ठेवू. पाटी लावू, बोरीची लाख, हदगाव." मग जरा थांबून, "मघाचं... ते पाणी आण म्हणाली ना आई, ते लागलं मला."

"लागायलाच पाहिजे होतं," सुकन्या म्हणाली. पण उलथणी कशी धरायची ते दाखवताना तिचा हात त्याच्या हातावर राहिला.

पिवळे पत्रे आणि हळदीचा ढीग अमरेशनं डब्यांत बंद करून घेतला. कारखान्यात अशा मालाची नीट विल्हेवाट लावायची सोय होती. चंद्रप्रभाबाईंनी आपल्या पेटीतली हरताळाची डबी आणली, क्षणभर हातात तोलली, आणि त्या डब्यांवरच ठेवून दिली.

"हीसुद्धा घेऊन जा. सासूची आहे. तिकडं नीट पोचवा."

दिवे लागले. तुळशीला चुनरी नेसवली, उसाचा मांडव केला, ओट्यावर बोरं-आवळे मांडले. ग्यानोबानं लुंगीवरच अंतरपाट धरला. अंतरपाट म्हणून सुकन्यानं धोतराचा उरलेला तुकडा दिला होता, त्यामुळं त्याची निम्मी इज्जत परत आली. अमरेशही थांबला. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, चातुर्मास उठला.

वाटीत खरी हळद कालवलेली होती. चंद्रप्रभाबाईंनी तुळशीला लावली, कृष्णाला लावली. ताट धरून विठाबाई शेजारी उभी होती, नेहमीसारखी. आणि ताट धरलेल्या तिच्या बोटांकडं चंद्रप्रभाबाईंचं लक्ष गेलं. ऊन लाखेनं दोन्ही तळवे लालबुंद झाले होते, अंगठ्यापाशी फोड आला होता. दिवसभर तिनं एकदाही 'स्स' केलं नव्हतं.

"सुकन्या, हे ताट धर."

"जाऊबाई, अजून नैवेद्य हाय..."

"हात पुढं कर."

त्यांनी तुपाच्या वाटीत बोट बुडवलं, हळदीत घोळवलं, आणि धाकट्या जावेच्या भाजलेल्या तळव्यांवर हळद लावली. आधी उजव्या, मग डाव्या. सावकाश, बोटा-बोटाच्या बेचक्यात, नवरीला लावतात तशी. विठाबाई मान खाली घालून उभी राहिली. तिच्या डोळ्यांतलं पाणी हळदीत पडलं आणि चंद्रप्रभाबाईंनी तेही चोळून टाकलं.

मग त्यांनी आपले तळवे उघडून पुढं केले. तेही तसेच लाल होते.

"आता तू लाव," त्या म्हणाल्या, आणि लग्नाला जमून मागं बसलेल्या वस्तीवरच्या बायकांना ऐकू जाईल असा आवाज काढून ओवी धरली:

*चौथी गं माझी ताण, उन्हाला धरियेली*
*विठानं, माझ्या जावंनं, बोर सोन्याची केली*